तळहातावरचं दही

सपाट जमिनीवर आमच्या साडूंइतका निरुपयोगी माणूस मी आजवर पाहिलेला नाही. इंग्लंडात, लेस्टरच्या सुपरमार्केटात त्यांना साखरेचा पुडा सापडत नसे, आणि सापडलाच तर बाहेर आल्यावर गाडी सापडत नसे. एकदा ते भलत्याच कुणाच्या तरी निळ्या गाडीला किल्ली लावून बराच वेळ खटपट करत होते आणि गाडीचा खरा मालक शेजारी उभा राहून त्यांना सल्ले देत होता. घरातला जिन्याखालचा दिवा कुठल्या बटणाने लागतो, हे त्यांना त्या घरात वर्षानुवर्षं राहून कधी समजलं नाही. पण याच माणसाला स्कॉटलंडच्या डोंगरावर, स्वतःचा हात दिसू नये अशा धुक्यात उभं करा. नाक वर करून, फोडणीचा वास घ्यावा तसा ते वारा हुंगत आणि म्हणत, "अहो ब्रॅकनेलकर, डावीकडून या. उजवीकडे कडा आहे." आणि कडा उजवीकडेच असे. मी ब्रॅकनेलला एका कॉम्प्युटर कंपनीत होतो, म्हणून मी ब्रॅकनेलकर. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला अजून शंका आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, आमच्या ताईंचे यजमान. पेशाने दातांचे डॉक्टर. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी लहानाचे मोठे झाले आणि एकदाही पर्वती चढले नाहीत. "घरातून दिसते की. मग वर जाऊन काय बघायचं?" हे त्यांचं तेव्हाचं तत्त्वज्ञान. ऐंशी सालानंतर कधीतरी, त्यांची चाळिशी उलटल्यावर, मार्गारेट नावाची त्यांची एक पेशंट आली. शाळेत मुलांना कसरत शिकवायची, ताडमाड उंच. यांनी तिची दुखरी अक्कलदाढ काढली, आणि त्या उपकाराची फेड म्हणून तिने एका रविवारी यांना वेल्समधल्या एका डोंगरावर नेलं. साडू दवाखान्यातले बूट आणि टाय घालून गेले. परत आले तेव्हा टायने एक ढोपर बांधलेलं होतं आणि चेहऱ्यावर असं काही तेज होतं, की ताईंना वाटलं यांना ताप आला. तो ताप पुढे पंधरा वर्षं उतरला नाही.

डोंगरावर गेले तरी त्यांच्यातला दातांचा डॉक्टर घरी राहत नसे. कड्यावर चढताना हाताशी येणारा प्रत्येक दगड ते आधी टकटक वाजवून बघत. "हा पक्का आहे. हा हलतोय, काढावा लागेल. याच्या मुळाशी कीड आहे, याला हात लावू नका." दात साफ करायच्या दोऱ्याने ते बुटांपासून तंबूपर्यंत सगळं शिवत, आणि दवाखान्यातला तो लांब दांडीचा छोटा आरसा खडकाच्या कोपऱ्याआड घालून पुढची वाट बघत. उलट दवाखान्यात त्यांच्यातला गिर्यारोहक जागा होई. खुर्चीच्या बरोबर वर, छताला, त्यांनी एका बर्फाळ कड्याचं भलंमोठं चित्र लावलं होतं. तोंडात कापूस कोंबलेला पेशंट हो-नाही काहीच म्हणू शकत नाही, त्यामुळे त्याला शनिवार-रविवारची हकीकत साद्यंत ऐकावी लागे. एका म्हाताऱ्या बाईने म्हणे चूळ भरता भरता शांतपणे विचारलं होतं, "डॉक्टर, इंजेक्शन चुकलं तर मी तिथे जाते का?"

कडे झाले, मग बर्फ आला, आणि बर्फाबरोबर स्की. पण लिफ्टने वर जाऊन घसरत खाली येणं त्यांना कमीपणाचं वाटे. "आयतं जेवण अंगी लागत नाही," म्हणत. यांची तऱ्हा वेगळी. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे पाय पुढे सरकतो पण मागे येत नाही. तसा घाम गाळत अख्खा डोंगर चढायचा, माथ्यावर पट्ट्या सोलून काढायच्या आणि कुणाची रेघही उमटली नाही अशा बर्फावरून खाली यायचं. त्याचा सराव बैठकीतल्या नव्या गालिच्यावर चाले. ताईंनी हौसेने घेतलेल्या त्या गालिच्याला एका हिवाळ्यात टक्कल पडलं. ताईंनी त्या टकलावर सोफा सरकवला, आणि तेव्हापासून त्यांच्या घरी पाहुण्यांना टीव्हीकडे पाठ करून बसावं लागे.

मला या सगळ्यात कुणी विचारलं नव्हतं. मी मुळात रविवारी अकराला उठून पोहे खाणारा माणूस. पण साडूंनी एकदा फोन केला, "अहो ब्रॅकनेलकर, वीकेंडला काय करताय?" आणि मी बेसावधपणे "काही नाही" म्हणून बसलो. त्यानंतर कित्येक शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी बायकोला घेऊन लेस्टर गाठायचो आणि तिथून आम्ही चौघं मोटरवेने उत्तरेकडे. वाटेत साडू इंग्रज गिर्यारोहक ताकदीसाठी खातात ती पेपरमिंटची साखरवडी सगळ्यांना वाटत. "हा यांचा आलेपाक. आलं तेवढं घालायला विसरलेत." डोंगरावर पाऊस, गारा, वारा आणि चिखल असा चौरस आहार मिळे. बर्फ असे तो काचेसारखा कडक, आणि सूर्य दिसलाच तर उतरून गाडीत बसल्यावर. दरवेळी मी कानाला खडा लावी, आणि दरवेळी पुढच्या फोनला "काही नाही" म्हणत असे.

पण साडूंचं खरं वेड डोंगर नव्हतं. ते म्हणजे ताई.

ताई दरवेळी आमच्याबरोबर यायच्या आणि एकदाही वर चढायच्या नाहीत. डोंगराखालच्या कार पार्कमध्ये, गाडीत, गुडघ्यांवर शाल घेऊन, थर्मास आणि विणकाम घेऊन त्या बसायच्या; कधी कधी सोबतीला माझी बायको. त्यांच्या सुयांतून दरवर्षी माकडटोप्यांची रास पडे. होता होता मार्गारेटच्या गिर्यारोहक क्लबातली, डोंगराखाली येऊन आम्हाला मिळणारी सगळी गोरी मंडळी आमच्याकडच्या आजोबांसारखी माकडटोप्या घालून बर्फात हिंडू लागली. आणि निघण्याआधी ताईंचं दही. घरी गुरुवारी लावलेलं, स्टीलच्या डब्यात, टॉवेलात गुंडाळून आणलेलं. ताई गाडीची काच खाली करायच्या, साडू हातमोजा काढून तळहात पुढे करायचे, त्यावर चमचाभर दही, वर साखर. कधी ते इतकं गोठलेलं असे की चाटायच्या ऐवजी चावावं लागे. साडू म्हणायचे, "येतो." ताई म्हणायच्या, "लवकर या." पहिल्यांदा मार्गारेटने विचारलं, "हे नशिबासाठी का?" साडू म्हणाले, "नाही, बायकोसाठी." मार्गारेटने क्षणभर विचार केला आणि हातमोजा काढून स्वतःचाही हात पुढे केला. पुढच्या हिवाळ्यात गाडीच्या खिडकीशी रांग लागायला लागली.

एकदा मोटरवेवर डबा सांडला. सर्व्हिस स्टेशनवर दही म्हणून मिळालं ते स्ट्रॉबेरीचं, गुलाबी, गोडमिट्ट. ताईंनी नाइलाजाने तेच दिलं. त्या दिवशी साडूंची एक स्की पायातून सुटली आणि त्यांना न घेता एकटीच पलीकडच्या दरीत उतरून गेली. साडू एका पायावर उड्या मारत कार पार्कमध्ये आले ते थेट ताईंसमोर उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "स्ट्रॉबेरी चालत नाही." त्यांच्या घरात ते फळ नंतर कुणी आणलेलं मला आठवत नाही.

तर त्यांचं वेड हे, की ताईंना एकदा तरी माथ्यावर न्यायचं. स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्म रांगेत एक रुंद, गोल माथ्याचा डोंगर होता, स्कीशिवाय चालतही जाता येईल असा. तिथून हवा स्वच्छ असेल तर एकामागे एक पांढऱ्या रांगा दिसतात. साडू तिथे उभे राहिले की एरवीची बडबड बंद होई. मग हळूच म्हणत, "हे तिला दाखवायला हवं हो. एकदा शेजारी उभं करून दाखवायला हवं." खाली आल्यावर ते ताईंना वरचं वर्णन सांगायला लागत, आणि ताई "बरं, चहा घ्या आधी," म्हणून कप हातात देत. ते दरवर्षी विनवत. ताईंचं उत्तर ठरलेलं. "वर जायला तुम्ही सगळे आहात की. खाली कुणीतरी हवं ना?"

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर साडूंचा उजवा गुडघा कुरकुरू लागला. त्यांची मुलगी लेस्टरातच जन्मलेली, फिजिओथेरपिस्ट. तिने एक्स-रे उजेडात धरला आणि तिच्या मराठीत निकाल दिला, "बाबा, तुझी गुडघा फिनिश झाली आहे. हा विंटर लास्ट. प्रॉमिस कर." साडूंनी प्रॉमिस केलं आणि मग आठवडाभर ते सपाट जमिनीवरही धडपडले नाहीत, इतके गप्प गप्प होते. भेंडी चिरता चिरता ताई एके दिवशी एवढंच म्हणाल्या, "या मार्चात मी येते वर. तुमच्याबरोबर. एकदा." साडूंनी ताबडतोब मला फोन केला आणि पहिल्यांदाच मी काय करतोय हे न विचारता सांगितलं, "ब्रॅकनेलकर, ती येतेय." आणि लगेच फोन ठेवला.

त्या शनिवारी स्कॉटलंडला काय झालं होतं देव जाणे. वारा नाही, ढग नाही, आणि बर्फ असा की चालताना कुरकुरीत पापड मोडल्यासारखा आवाज यावा. खाली गाडीत माझी बायको बसली. दह्याचा डबा तिच्या मांडीवर. साडूंनी ताईंच्या पावलाने चालायचं म्हणून स्की गाडीच्या टपावरच ठेवल्या होत्या, ही गोष्ट मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. ताईंच्या बुटांना त्यांनी स्वतःच्या हाताने, बर्फात घसरू नये म्हणून, तळाला लोखंडी काटे बांधले, पट्टे तीन-तीनदा ओढून बघितले. माझ्या बायकोने दोघांच्या हातावर दही घातलं. मार्गारेट पुढे, मग ताई, मग साडू, शेवटी मी. साडू अखंड बोलत होते. हा दगड बघ, ही दरी बघ, इथे मी तेव्हा पडलो होतो, इथे ब्रॅकनेलकर पडले होते. तिथे दोनदा पडले होते.

माथा समोर दिसायला लागला आणि साडू बोलायचे थांबले. आधी मला वाटलं धाप लागली असेल. मग ते खाली बसले. गुडघा वाकेना आणि सरळही होईना. चेहरा पांढरा पडलेला, पण कपाळाला आठी नाही. ताई वळून परत आल्या, बर्फात त्यांच्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "झालं इतकं पुष्कळ आहे. चला, खाली जाऊ." साडूंनी माथ्याकडे बघितलं. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होतो, पण माणूस इतक्या हावेने कशाकडे बघू शकतो हे मला त्या दिवशी दिसलं. मग त्यांनी ताईंच्या टोपीची नाडी नीट बांधली.

"तू जा," म्हणाले. "मार्गारेट आहे. मी ब्रॅकनेलकरांबरोबर उतरतो. खाली कुणीतरी हवं ना? मी आहे."

ताईंनी अंगावरचा बर्फ झटकला. उठल्या आणि म्हणाल्या, "येते हं."

मी साडूंना खांद्याचा आधार देत खाली आणलं. माझ्या बायकोने मागची सीट रिकामी केली, चहा ओतला. साडूंनी दुर्बीण डोळ्याला लावली ती काढलीच नाही. चहा निवला. धुक्यात कडा हुंगणारा हा माणूस त्या लख्ख उन्हात पुन्हा पुन्हा मला विचारत होता, "त्या दोन ठिपक्यांतला तिचा कुठला? तो थांबला का? का थांबला? ढग येतोय का हो तिकडून?" ढग कुठेच नव्हता. माथ्यावर दोन ठिपके पोचले, आणि त्यातला बुटका ठिपका बराच वेळ हात हलवत राहिला. साडूंनीही हात हलवला. तिथून गाडीतला हात दिसणं शक्य नव्हतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मग दुर्बीण खाली ठेवून त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "तुझी ताई इतकी वर्षं इथे बसून हेच करत होती?"

"हेच," ती म्हणाली. "आणि शिवाय विणत होती."

साडू डोळे पुसत होते, आणि बर्फाच्या तिरिपीने पाणी येतं असं मला सांगत होते.

ताई उतरून आल्या त्या लालबुंद होऊन. परतीच्या सगळ्या वाटेवर त्या बोलत होत्या. पांढऱ्या रांगा, वाऱ्याने कोरलेला बर्फ, आणि मार्गारेटने भेटलेल्या अनोळखी माणसांना 'ही पहिल्यांदाच आली आहे' असं कसं सांगितलं ते. साडू ऐकत होते आणि मधून मधून म्हणत होते, "बरं, चहा घे आधी."

ते दोघं त्या माथ्यावर शेजारी शेजारी कधीच उभे राहिले नाहीत. साडूंनी मुलीला दिलेलं वचन पाळलं, आणि ताईंना मात्र गोडी लागली. त्यानंतर दर हिवाळ्यात त्या मार्गारेटबरोबर एक-दोनदा वर जायला लागल्या. साडू गाडीत बसत. वेळ जाईना म्हणून ते विणायला शिकले. दात कोरणारी बोटं ती. त्यांचे टाके ताईंपेक्षा सारखे पडत, फक्त माकडटोपीला तोंडाचं भोक ठेवायला ते विसरत. मीही मग वर जायचं सोडलं आणि त्यांच्याशेजारी बसून थालीपीठ खायला लागलो. तो त्यांच्याबरोबर घालवलेला माझा सगळ्यात सुखाचा काळ, असं आता वाटतं.

सकाळी ताई बूट बांधून खिडकीशी यायच्या. साडू काच खाली करायचे, डब्याचं झाकण उघडायचे आणि अगदी जपून, इंजेक्शन द्यावं तसं, ताईंच्या तळहातावर दही ठेवायचे. ताई म्हणायच्या, "येते." साडू म्हणायचे, "लवकर ये." त्या वळणाआड दिसेनाशा झाल्या तरी ते काच वर करत नसत. गाडीत गारठा भरायचा, मी कुडकुडत म्हणायचो, "अहो, काच." ते हातात चमचा धरून तसेच वर बघत म्हणायचे, "थांबा हो, ब्रॅकनेलकर. जरा थांबा."