तहान लागण्याचा तास

मास्तरकी सोडली तरी किस्से सोडत नाहीत. चार मास्तर भेटले की चहा येईपर्यंत तीन सांगून होतात. माझ्या किश्श्यांत मात्र एकच पात्र पुन्हा पुन्हा येतं, आणि ते मी नाही, हेच माझं दुखणं!

खालापूरच्या बाजूला आमची शाळा. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची बोर्डाची परीक्षा नुकतीच येऊ घातली होती. नववी अ आणि ब एकत्र करून पुढच्या वर्षी पहिली दहावी होणार होती, आणि तिचं मराठी मला हवं होतं. नववी अ माझी. ब कुमुदबाईंची. बाई नव्या, नेरळहून येत.

* * *

‘स्वभाववैशिष्ट्ये लिहा’ या प्रश्नासाठी माझी एक युक्ती होती. फळ्यावर चार शब्द: प्रेमळ, कष्टाळू, प्रामाणिक, त्यागी. धडा कुठलाही असो, मार्क पक्के.

सहामाहीत सुनेला भर उन्हात पाण्याला पिटाळणारी सासू आली. माझ्या अख्ख्या वर्गानं तिला प्रेमळ आणि त्यागी ठरवलं. हेडमास्तरांनी गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “भोईर, अशी सासू मिळाली तर मुलीचं लग्न आजच करतो.”

* * *

त्याच सासूवर बाईंच्या वर्गात काय चाललंय ते मी व्हरांड्यातून ऐकलं. खिडकीशी पाण्याचा माठ होता. बाईंच्या तासाला मला तहान लागू लागली होती.

सुली नावाची मुलगी म्हणाली, “बाई, सासू भित्री हाय.”

“कशावरून?”

“सुनंला धाडते नि सोता दाराशी हुबी ऱ्हाते. ती परत येते का नाय, बघत.”

धडा मी अकरा वर्षं शिकवत होतो. सासू दाराशी उभी असते, हे मला त्या दिवशी कळलं. माझा जळफळाट झाला. माठातलं पाणी त्यावर उपयोगाचं नव्हतं.

* * *

हा ‘कशावरून’ मग शाळाभर पसरला. हेडमास्तर एका पोराला म्हणाले, “तू आळशी आहेस.” पोरगं अदबीनं म्हणालं, “कशावरून, सर?” हेडमास्तर पुरावा शोधायला त्याची वही चाळत बसले. वही पूर्ण निघाली.

मलाही मोह झाला. नववी अ मध्ये मी धड्यातल्या शेतकऱ्याबद्दल विचारलं. बाळ्या उठला. “कष्टाळू, सर.”

मी बाईंसारखाच थांबलो, बाईंसारखीच मान तिरपी केली. “कशावरून?”

“तुमीच लिवलंय ना फळ्यावर!”

* * *

दहावीचं ठरायची वेळ आली तेव्हा मी हेडमास्तरांना सुचवलं, “बाई लांबून येतात. उशीर होतो, दहावीचं नुकसान होईल.”

हेडमास्तरांनी चष्मा काढला. “कशावरून?”

हजेरीपुस्तक टेबलावरच होतं. बाईंना एकही दिवस उशीर नव्हता. मला बऱ्याचदा झाला होता, आणि मी शाळेमागेच राहत होतो. दहावी बाईंना गेली. बाईंनी दिलेला पेढा मी तसाच खिशात ठेवला.

* * *

जूनमध्ये त्याच खोलीत दहावी सुरू झाली, आणि माझी तहानही. बाईंनी एक नवीच गोष्ट वाचून दाखवली. भजनी मंडळातला जुना गवई. नवा आला, लोक त्याचंच ऐकू लागले. जुना आता देवळात येत नाही, पण भजन सुरू झालं की बाहेर पाराशी येऊन उभा राहतो.

“कसा आहे हा माणूस?”

“जळतो, बाई!” सगळा वर्ग.

“कशावरून?”

“आत येत नाय. तोंड वाकडं करून ऐकतो.”

माझा पेला अर्धा भरलेला. तो तसाच हातात राहिला.

मग सुली उठली. “जळतो, पन तेवढंच नाय, बाई.”

“कशावरून?”

“नुस्ता जळत असता तर घरी बसला असता. ह्यो रोज येतो. चाल पाठ करून जातो.”

खिडकीकडे बाईंनी पाहिलंही नाही. मी पेला आवाज न करता माठावर ठेवला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी माठाशेजारी, खिडकीखाली, एक खुर्ची ठेवलेली होती.