मागच्या क्वार्टरमधला कॅमेरा

गोदामांच्या त्या आवारात कुठली वायर कुठून निघते आणि कुठे जाते, हे एकाच माणसाला ठाऊक होतं. म्हणून सगळे त्यांना वायरमामा म्हणत. मॅनेजरसाहेबही म्हणत, आणि साहेबांचं वय बघता ते मामांचे भाचे म्हणून सहज खपले असते. आवारातला एकूणएक कॅमेरा मामांनी स्वतः शिडीवर चढून बसवलेला. कंपन्या निरनिराळ्या, वर्षं निरनिराळी, पण पासवर्ड मात्र सगळ्यांना एकच. कोणी टोकलं तर मामा म्हणायचे, "वेगवेगळे पासवर्ड साठवून ठेवायला माझं डोकं म्हणजे काय गोदाम आहे?"

मामांच्या बायकोला, म्हणजे ओघाने सगळ्यांच्या मामींना, मध्यंतरी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, तेही एकेक शब्द वेचून आणल्यासारखं. पण शब्दाची धार होती तशीच. आयुष्यभर शिवणाचे क्लास चालवलेली बाई. केस विंचरले नसतील तर दूधवाल्यालाही दार न उघडणारी. ती आता आवाराच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या कंपनीच्या दोन खोल्यांत दिवसभर पडून असायची, आणि मामा पुढच्या गेटाजवळच्या खोलीत पडद्यासमोर. त्या खुर्चीवरून उठायची सोय नाही. नोकरी सोडावी तर क्वार्टर जाणार, नोकरी धरावी तर बायको एकटी.

मामांनी त्यातून वाट काढली. बदलून काढलेले जुने कॅमेरे कपाटात धूळ खात होते. त्यातला एक त्यांनी क्वार्टरच्या दाराच्या वर, आतल्या बाजूने ठोकला, मागच्या भिंतीने वायर फिरवून आणली आणि गोदामाच्या लायनीत गुपचूप जोडून टाकली. तेव्हापासून त्यांच्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एका छोट्या चौकोनात मामी दिसायच्या. मामींनी डावा हात वर केला की मामा गेटवाल्याला "आलोच" म्हणून सुटायचे. गेटवाला तेवढ्यापुरता खुर्चीत बसायचा. यात चोरी नव्हती, पण कोणाला विचारलेलंही नव्हतं.

मग मालकांच्या डोक्यात क्लाउड शिरला.

"घाबरू नका मामा," मॅनेजरसाहेब म्हणाले, "तुमचे कॅमेरे तेच राहणार. रेकॉर्डिंगचा तो काळा डबा तेवढा जाईल. सगळं चित्र इंटरनेटवर. आणि ही सिस्टीम खुली आहे, कुठल्याही कंपनीचा कॅमेरा तिला चालतो."

मामांचा जीव भांड्यात पडला. आपले कॅमेरे भंगारात जाणार आणि त्यांच्या पाठोपाठ आपण, अशी धास्ती त्यांनी घेतली होती. त्यामुळे नव्या सिस्टीमवाल्यांकडून इंजिनिअर मुलगी आली, तेव्हा मामा तिच्या मागेपुढे करायला लागले. तिने एक छोटा पांढरा डबा जोडला आणि पासवर्डांची यादी मागितली.

"यादी कसली? एकच आहे," मामा छाती फुगवून म्हणाले. "एकदा टाका, सगळे उघडतील."

"मामा, तुम्ही माझा अख्खा दिवस वाचवलात!" ती म्हणाली आणि तिने शोध सुरू केला. लायनीवर जो जो कॅमेरा होता तो डबा स्वतःच हुडकून काढत होता. मोठ्या पडद्यावर एकेक चौकोन उजळत गेला. गेट, वजनकाटा, माल चढवायचा ओटा, जिने. साहेब चहाचा कप घेऊन कौतुकाने बघत उभे होते. शेवटी एक चौकोन उजळला आणि त्यात पलंग दिसला. पलंगावर एक बाई डाव्या हाताने पाय खाजवत होती.

"हे कुठलं गोदाम?" साहेब हसत म्हणाले, आणि मग त्यांना उमगलं.

वायरीवायरीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या हे लक्षात कसं आलं नाही, असं कोणीही विचारेल. पण क्वार्टरमधला तो कॅमेरा मामांनी कधी कॅमेऱ्यांत मोजलाच नव्हता. त्यांच्या लेखी ते घराकडे लक्ष ठेवणं होतं, बस्स. आता मात्र त्यांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडले नाहीत. "आधी सांगायचं ना मामा! असू द्या. मामी काय परक्या आहेत?" एवढंच म्हणाले, आणि मामा त्या "असू द्या"खाली कायमचे दबले.

साहेब गेल्यावर त्यांनी मुलीला हळूच विचारलं, "ताई, हा एकच कॅमेरा फक्त मला दिसेल असं करता येईल?"

"बाकीच्यांना बंद करता येईल. पण मुख्य खातं साहेबांचं आहे, त्यांना सगळंच दिसणार. नाहीतर हा काढूनच टाकावा लागेल."

"काढला, तर मी आपला पूर्वीसारखा थेट बघेन की."

"नाही जमणार. आता सगळे कॅमेरे या डब्याच्या मागे आहेत. बाहेरच्या कोणी घुसू नये म्हणून थेट रस्ता बंद केलाय." तिला वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. पण वाईट वाटून रस्ता थोडाच उघडतो?

"मग राहू द्या," मामा म्हणाले. घरी जाऊन मामींना त्यांनी यातलं चकार शब्दाने सांगितलं नाही.

त्यानंतर साहेबांचे फोन सुरू झाले. कधी गाडीतून, कधी घरून. "मामा, मामी उठल्या बरं का." "मामा, मामींनी पांघरूण टाकलंय, उकडत असेल." माणूस मनाने खरंच चांगला होता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. याच्याशी कसं भांडायचं? "हो साहेब, थँक्यू साहेब," म्हणून मामा फोन ठेवायचे, आणि मग बराच वेळ त्या चौकोनाकडे बघायचीच त्यांना लाज वाटायची.

एक दिवस वजनकाट्यावर ट्रकवाल्याशी वाद झाला, आणि मामा जुनं चित्र शोधण्यात गढून गेले. तेवढ्यात मामींनी हात वर केला. मामांना दिसला नाही; साहेबांना दिसला. त्यांनी ऑफिसातली जास्तीची किल्ली देऊन झाडूवाल्या बाईंना धाडलं. बाई भल्या होत्या. त्यांनी मामींना भांडं दिलं, पुसलं, सावरलं, आणि जाता जाता सांगितलं, "साहेबांना फोनवर दिसलं ना, म्हणाले जा लगेच."

संध्याकाळी मामा घरात पाऊल टाकतात तोच मामींनी विचारलं, "किती... जण... बघतात?"

मामा बुटाची लेस सोडत राहिले. "साहेब. आणि ते ज्यांना दाखवतील ते."

"कधीपासून?"

"तो नवा डबा आला तेव्हापासून."

मामींनी डाव्या हाताने पांघरूण पायांवर ओढलं. मग म्हणाल्या, "आणि मी... पाय... खाजवत बसते." मामांना हसू आलं. मामींना आलं नाही.

"काढून टाकू?"

"मग तुम्ही... तिकडे... कसे बसाल?"

मामांनी कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी मामींचा हात एकदाही वर झाला नाही. गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन फोटोतल्यासारख्या निश्चल पडून होत्या. आज बरं वाटत असेल, असं म्हणून मामाही निवांत झाले. संध्याकाळी दार उघडलं तर वास आला. गादी भिजलेली, चादर भिजलेली, मामींचं तोंड भिंतीकडे.

"अगं, हात का नाही केलास?"

"चारचौघांत... हात वर करून... हे सांगू?"

मामांचा तोल गेला. "दिवसभर समोर होतीस माझ्या! डोळ्यांसमोर! आणि मला काही कळलं नाही!" राग साहेबांवर होता, स्वतःवर होता, त्या एकुलत्या एक पासवर्डावर होता, आणि निघाला बिचारीवर. चादर धुताना मामांना रडू फुटलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी नळ मोठा सोडला.

सकाळी ड्युटीवर जाण्याआधी ते स्टुलावर चढले आणि कॅमेऱ्याची वायर उपटली. तिकडे पडद्यावरचा चौकोन काळा झाला होता. मामांना वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल. प्रत्यक्षात त्यांना त्या काळ्या चौकोनात मामी पलंगावरून पडलेल्या दिसू लागल्या, ठसका लागलेल्या दिसू लागल्या.

थोड्याच वेळात फोन वाजला. "मामा, घरचा कॅमेरा बंद पडलाय. मला मेसेज आला. मामी ठीक आहेत ना?"

"वायर सैल झाली असेल साहेब."

"मग बसलात काय? आत्ता जा, नीट करून या. गेटवाल्याला खुर्चीत बसवतो. मी बघत थांबतो."

मामा गेले. त्यांना भर दिवसा दारात बघून मामींचा चेहरा खुलला. मामांनी त्यांना पाणी पाजलं, कपडे बदलले, केस विंचरले. मामी म्हणाल्या, भांग वाकडा काढलात. मामा म्हणाले, आरसा कुठे आहे, दाखवून दे. तिथे कोणी बघत नव्हतं. मामा उगाच दोनदा विंचरत बसले.

फोन पुन्हा वाजला. "मामा, अजून काही येत नाहीये हो. बाहेरून माणूस पाठवू का?"

"नको, नको. होतंच आहे."

फोन चालूच ठेवून मामा स्टुलावर चढले. वायर हातात होती. साहेब, तुम्ही बघू नका, एवढंच तर म्हणायचं होतं. वाक्य पुरतं जुळलं होतं, जिभेवर आलं होतं. मग त्यांना क्वार्टर आठवलं, खुर्ची आठवली, ते "असू द्या" आठवलं. त्यांनी वळून मामींकडे बघितलं. मामी डाव्या हाताने गळ्याचं बटण लावायला धडपडत होत्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आधी मला... नीट बसवा."

मामा उतरले. पाठीशी उशी लावली, बटण लावलं, पांघरूण गुडघ्यांवर सरळ केलं, लुळा हात त्याखाली झाकला. पाहुणे यायचे असले की माणसं बसतात तशा मामी ताठ बसल्या आणि त्यांनी तोंड दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे केलं.

"हं. लावा."

मामांनी वायर लावली.

"आल्या, आल्या!" फोनमधून साहेबांचा आनंदी आवाज आला. "अहो मामा, मामी आज काय छान दिसतायत!"