पाद्रीबाबांचं अक्षर

इथे अमेरिकेत, कॅरी गावात आमच्या शेजारच्या अमेरिकन आजींकडे त्यांच्या पणजोबांची घरगुती पत्रं आहेत. पणजोबा प्रेस्बिटेरियन, म्हणजे पाद्र्यांना लग्नाची मुभा असलेल्या पंथाचे, पाद्री होते. आजींना आता नीट दिसत नाही आणि नातवंडांना जोडून लिहिलेलं इंग्रजी वाचता येत नाही. शाळेत शिकवलंच नाही म्हणे! मला येतं. चाररेघी वहीत ते गिरवताना बाईंच्या हातच्या पट्ट्या खाल्ल्यात मी.

म्हणून दर रविवारी मीच वाचून दाखवते. परवाचं पत्र त्यांनी कॉलेजातल्या आपल्या मुलाला लिहिलेलं होतं. हे काय अक्षर, तुझ्या आईला ओळ लागली नाही, रोज एक पान गिरव, आणि वेळेवर जेव.

बरोबर आलेली माझी लेक हसत म्हणाली, "आई, पाद्रीबाबा साउंड्स जस्ट लाइक यू."

"मग त्यांचं तरी ऐक," मी म्हटलं.