हरणासाठी कोणतं काडतूस?

माझा नवरा म्हणजे साधा मिक्सर घ्यायचा तरी गावभर चौकशा करणारा माणूस. इकडे परदेशात, पामर्स्टन नॉर्थला आल्यावर त्याला रायफल क्लबचा नाद लागला. जन्माचा शाकाहारी, केकसुद्धा अंड्याचा नाही ना असं विचारून खाणारा, आणि दर शनिवारी कागदावर गोळ्या झाडून यायचा! कागदाचा तरी जीव कशाला घेतोस, असं मी म्हणायचे.

शेजारी एक म्हातारे एकटे राहायचे, जुने शिकारी. आम्ही त्यांना आपसात आजोबाच म्हणायचो. खांद्याच्या ऑपरेशननंतर त्यांना रायफलचा धक्का सोसवत नव्हता, पण हिवाळ्याआधी (इकडे तो जूनमध्ये येतो) फ्रीजरमध्ये हरणाचं मांस हवंच. ते नवऱ्याला म्हणाले, "एप्रिलमध्ये चल डोंगरात. मी दाखवतो, तू मार. पुढच्या वर्षी हे गुडघे चढायचे नाहीत, मेट." आणि हा हो म्हणून बसला! भिडेपुढे याचं काही चालत नाही.

झालं, मग काडतुसांचं पुराण सुरू. टू-टू-थ्री हलकं, धक्का कमी, कागदाला उत्तम. थ्री-ओ-एट दणदणीत, पण खांदा शेकून काढतं. टू-सेव्हन्टी लांबवर सरळ जातं. आमटी गार व्हायची तरी याचं संपायचं नाही. शेवटी मी म्हटलं, "अरे, काडतूस निवडतोयस की जावई?"

बऱ्याच खलानंतर थ्री-ओ-एट ठरलं, त्यातही नेमबाजीच्या स्पर्धेचं खास काडतूस. कागदावर सगळी भोकं एकमेकांना चिकटून पाडायचं म्हणे. मोठ्या दिमाखात त्याने ते आजोबांना दाखवलं. त्यांनी खोका परत सरकवला.

"हे कागदासाठी. याची गोळी न फुलता आरपार जाऊ शकते. मग हरीण जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी झुडपात तडफडत पडतं. शिकारीची गोळी वेगळी, ती आत जाऊन फुलते."

नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. घरी आल्यावर म्हणाला, "मला एवढंच हवं होतं गं, की त्याला कळूच नये."

अगं बाई! म्हणजे इतके महिने हा याचा घोर लावून बसला होता. मला इतकं वाईट वाटलं की तोंडावर आलेली थट्टा मी गिळून टाकली.

तशी फार दिवस गिळली नाही. शिकारीला निघताना याने डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मागितली, तेव्हा म्हटलं, "हरणालाही थोडी दे हो, जाता जाता."

संध्याकाळी परतला. शर्टावर रक्त, हातात आजोबांनी दिलेली मांसाची पिशवी. "लगेच गेलं," एवढंच म्हणाला. "हललंसुद्धा नाही." आणि स्वयंपाकघरातच खाली बसून हमसाहमशी रडला.

मी पिशवी शेजारी परत द्यायला उचलली, तर म्हणाला, "नको. मी मारलंय. मला खायला हवं."

मांस शिजवायचं कसं, मला काय ठाऊक? मटकीच्या उसळीला करते तसं कांदा-खोबऱ्याचं वाटण लावलं आणि शिजेपर्यंत शिजवलं. त्याने ताटात वाढलेलं सगळं संपवलं, मान खाली घालून, एकेक घास पाण्याबरोबर उतरवत. आणखी वाढू का, हे विचारायला माझी जीभच रेटेना.