वरच्या मजल्यावरचा आवाज

चंद्रहास आमच्यात पहिल्यांदा गायला, तेव्हा चर्चच्या आवारातले झाडून सगळे कावळे उडाले ते थेट राजोडीच्या किनाऱ्यावर जाऊन बसले. कीबोर्ड आपोआप बंद पडला. सोनचाफ्याची उद्या उमलायची फुलं आजच उमलली. मी बेसच्या, म्हणजे खर्जातल्या आवाजांच्या, रांगेत त्याच्या शेजारीच होतो. डाव्या कानाने मला अजूनही जरा उशिरा ऐकू येतं.

वसईतल्या आमच्या चर्चचा गायनवृंद दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मागच्या हॉलमध्ये सराव करतो. त्या दिवशी हा मनुष्य आला, चपला बाहेर काढून हात जोडून रिकाम्या खुर्चीत बसला. आमची गाणी बसवणाऱ्या व्हेरोनिका टीचर अकरा वर्षं पुरुषांच्या आवाजासाठी तळमळताहेत. आपल्या पायांनी चालत आलेल्या पुरुषाला त्या काही म्हणजे काही विचारत नाहीत. त्यांनी त्याच्या हातात गाण्यांची वही ठेवली. आम्हाला वाटलं, शेजारच्या गावातून कुणी पाठवला असेल. त्याने गळा मोकळा सोडला आणि आमच्या शांत भक्तिगीतात कुडाळकडच्या भजनी मंडळाची एक उभी तान घुसली.

चार गुरुवार तो आला. चौथ्या गुरुवारी चहाच्या वेळी तो उभा राहिला आणि म्हणाला, "माझं नाव चंद्रहास. मी मद्यपी आहे."

कप बशीवर टेकले.

"असू दे हो," टीचर म्हणाल्या. "गाताना फक्त सरळ उभे राहा."

"पण तुमच्यापैकी कुणीच आपलं सांगत नाही! महिना झाला. इथे दारू सोडायला येतात ना?"

टीचरांनी आम्हा बेसवाल्यांवरून नजर फिरवली. "या रांगेकडे बघून तुम्हाला तसं वाटलं?"

मग सगळं बाहेर आलं. हा फुलपाड्याला राहणारा, औषधांच्या गोदामात कारकून. गोदामातल्या मित्राने कानात सांगितलं होतं: वसईला चर्चच्या मागे जा, गुरुवारी सातला. गोल करून बसतात, नाव विचारत नाहीत, चहा देतात. आमच्यात हे तिन्ही होतं. गाणं हा उपचाराचाच भाग असणार असं त्याने धरलं. त्याची बायको, आशालताबाई, मुलीला घेऊन जूचंद्रला बहिणीकडे गेली होती. तिची अट एकच: शंभर दिवस कोरडे जायला हवेत, आणि ते तुमच्या तोंडून नको, दुसऱ्या कुणी सांगायला हवं.

"मग फरक पडला का?" मी विचारलं.

"गुरुवारी पीत नाही," तो म्हणाला. "बाकीचे सहा वार आहेत."

दारू सोडणाऱ्यांची मीटिंग वरच्या मजल्यावर होती, त्याच वेळी, बरोबर आमच्या डोक्यावर. मी त्याला जिन्याने वर नेलं. पत्र्याच्या खुर्च्या, ग्लुकोज बिस्किटं आणि चौदा वर्षं न प्यायलेला पॉल. त्याने खुर्ची पुढे सरकवली. "या चंद्रहासभाऊ. महिनाभर तुमचा आवाज खालून येतोय. आम्ही म्हणत होतो, या माणसाला कुठेतरी दुखतंय."

त्यानंतरचे गुरुवार मला धुक्यातून पाहिल्यासारखे आठवतात. संध्याकाळचा पिवळा उजेड, चाफ्याचा वास. आम्ही खाली गायचो आणि कडव्याच्या शेवटी छतातून चंद्रहासची बारीक गुणगुण खाली उतरायची. अर्धा गायनवृंद जमिनीवर आणि उरलेला ढगात बसलाय, असं वाटायचं. टीचर हात हवेत तसाच ठेवून ती संपेपर्यंत थांबायच्या.

नाताळच्या गाण्यांचा सराव आम्ही दिवाळीआधीच सुरू करतो. न पिण्याच्या एकविसाव्या दिवशी चंद्रहास वर जाता जाता दारात थबकला. नवीन गाणं होतं. "आजच्या दिवस इथे बसतो," म्हणाला. काय गायला त्या दिवशी! खिडकीबाहेरची केळीची पानंसुद्धा हलायची थांबली होती. पुढच्या गुरुवारी तो सरळ वर गेला. उतरताना मी जिन्यात गाठला, तर म्हणाला, "गाणं इतकं चांगलं झालं की साजरं करावंसं वाटलं. फुलपाड्याच्या नाक्यावर साजरं केलं. आज पुन्हा सातवा दिवस."

नाताळात टीचरांनी निरोप धाडला: एकच गुरुवार या. उत्तर आलं नाही. फक्त छतातून गुणगुण आली.

जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारी आवारात चाफ्याखाली एक बाई उभी होती. पॉलने फोन करून अठ्ठ्याण्णव दिवस झाल्याचं सांगितलं होतं. ती खात्री करायला आली होती. मी बाहेर गेलो. आमचं गाणं दारातून येत होतं आणि त्याच्यावर ती गुणगुण तरंगत होती.

"यांचा आवाज कुठला?" तिने विचारलं.

"वरचा."

ती डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिली.

"खाली बोलवू का त्यांना?" मी म्हणालो. "पाच मिनिटांसाठी. टीचरही खूश होतील."

"नको," ती म्हणाली. "वरच बसू दे."

शनिवारी शंभर दिवस झाले. रविवारी आशालताबाई मुलीला घेऊन फुलपाड्याला परतल्या. चंद्रहास आमच्यात पुन्हा कधी गायला नाही. मीटिंगची वेळ अजूनही गुरुवारी सातचीच आहे.