सगुणाचं बाळरक्त

वडखळजवळच्या खाडीकाठच्या गावात सगुणाची चढाई बघायला माणसं हातातलं काम टाकून येत. आईबाप मिठागरात राबायचे आणि ही कबड्डीच्या मैदानात. दम असा, की समोरच्या पोरी थकून जायच्या. लग्न होऊन ती रोह्याला आली, तरी शेजारच्या अष्टमी गावातल्या मुलींना खेळ शिकवणं तिनं सोडलं नाही.

दिवस गेले, रक्त तपासलं, आणि निकालात निघाला सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. तोही आईबाप दोघांकडून आलेला! अशा माणसाचे सांधे ठणकतात, धाप लागते, हे कळल्यावर सासूचं धाबं दणाणलं. नवऱ्यानं, मिथुननं, तिचे खेळाचे बूटच लपवले.

डॉक्टर अजरा मात्र तिच्याकडे बघतच राहिल्या. "दुखतं कुठे?"

"कुठंच नाय. कधीच नाय."

त्यांनी रक्त मुंबईला पाठवलं. उत्तर आलं तेव्हा त्या खुशीतच होत्या. "पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. ते बनवणारं जनुक मोठेपणीही आपल्यात असतं. पण त्याच्या तोंडाशी एक पट्टा असतो, प्रमोटर. जन्मानंतर काही प्रथिनं तिथं बसतात नि जनुकाचं वाचन थांबवतात. तुझ्या पट्ट्यात एक अक्षर बदललंय. त्यामुळे त्यातल्या एका प्रथिनाला तिथं नीट बसताच येत नाही. म्हणून तुझं बाळपणीचं रक्त अजून बनतंय, आणि तेच तुला सांभाळतंय."

"म्हंजे बांधातल्या पाण्याच्या दाराला, उघाडीला, फळी बसली नाय, पाणी येतच राह्यलं?"

"अगदी तसंच!"

"म्हंजे ही अजून बाळ हाय?" मिथुन म्हणाला, आणि सासूसुद्धा डोळे पुसत हसली. त्याचं रक्त निर्दोष निघालं. बाळाला आजार होणार नव्हता.

सगुणाच्या डोक्यातून मात्र ते ठणकणारे सांधे जाईनात. तिचा चुलतभाऊ जनू लहानपणापासून असाच विव्हळायचा. गाव त्याला कामचुकार म्हणायचं. ती तडक माहेरी गेली. "चल, रक्त तपासू."

"मला काय झालंय गो? आळस हाय नुसता."

"आळसानं कुणी रडत नाय, जनू."

तपासणीत तोच आजार निघाला, पण जनूचा पट्टा नेहमीसारखाच होता. "निजलेलं बाळरक्त औषधानं थोडं जागं करता येतं," अजरा म्हणाल्या. जनू खोलीबाहेर आला आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडला. आपण आळशी नव्हतो, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं.

गोळ्या लागू पडायला काही महिने गेले. सगुणाला मुलगी झाली. बारशाला जनू गावाहून आला तो ढोल गळ्यात अडकवूनच. तासभर वाजवला, घामानं निथळला, तरी थांबेना. त्याची आई पुढं होऊन म्हणाली, "पुरे रं, दमशील."

"दमू दे की," जनू म्हणाला, आणि पुन्हा ढोलावर थाप पडली.