दोन पोटऱ्यांचं माप

माझ्या अंगात रक्त जास्त आहे. हे सांगितलं की बायका आधी हसतात. आमच्या गल्लीत घरटी एक जण लोहाच्या गोळ्या खातंय, आणि माझं रक्त मात्र डॉक्टर पिशवी भरून काढून टाकतात. शेजारीण एकदा म्हणाली, "टाकून कशाला देताय? आमाला द्या की!" पण ते कुणाला चालत नाही. माझ्या हाडांतला मगज गरज नसताना रक्त तयार करत बसतो आणि ते काकवीसारखं घट्ट होत जातं. मग दोन-अडीच महिन्यांनी कसबा बावड्यातून रिक्षा करून राजारामपुरीतल्या दवाखान्यात जायचं आणि एक पिशवी देऊन यायचं. शिवाय रोजच्या गोळ्या आणि तांब्या तांब्याभर पाणी. एवढ्यावर माझं बरं चाललंय.

बरं म्हणजे दिवसा. रात्री पोटरीत गोळा येतो. झोपेत पाय ताणला जातो आणि धुणं पिळावं तशी पोटरी आतल्या आत पिळली जाते. हे आजारामुळं, वयामुळं की दिवसभर शिलाई मशीनवर बसल्यामुळं, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. कारण काही असो, रात्री ओरडायची वेळ माझ्यावरच येते.

मी ओरडले की शेजारी झोपलेला नवरा उठून बसायचा. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली, पण त्याआधी पाच-सहा वर्षं तालमीत होते. अंग रगडून घ्यायचं आणि दुसऱ्याचं रगडायचं, हे तिथलं रोजचं काम. डोळे मिटलेलेच ठेवून ते माझा पाय मांडीवर घेत आणि टाचेपासून वर अंगठा चालवत. "हळू वरड, पोरं उठतील," असं वर दटावत. पोरं लग्नं होऊन पुण्याला गेली त्याला कितीतरी वर्षं झाली. तीन-चार मिनिटांत गोळा सुटायचा आणि ते बसल्या जागी कलंडून घोरायला लागायचे. नवऱ्याला थँक्यू म्हणायची आपल्यात रीत नाही, म्हणून सकाळी चहाबरोबर मी दोन खारी जास्त ठेवायची.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी एकदा मला समोर बसवून नीट सांगितलं, "काकू, तुमचं रक्त घट्ट. पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. गोळा येतो आणि जातो, गुठळी जात नाही. एकच पाय सुजला, गरम लागला, तर तो अजिबात चोळायचा नाही आणि तडक इथं यायचं. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल." रोज संध्याकाळी दोन्ही पोटऱ्यांचं माप घ्यायचं आणि तीन सेंटीमीटरचा फरक दिसला की फोन करायचा, असं ठरलं.

"माप घ्यायला मला शिकवताय व्हय?" मी म्हटलं. तीस वर्षं ब्लाउज शिवतेय मी.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं, फक्त चोळायचं नाही हे सोडून. ते सांगितलं असतं तर त्यांनी कुठलाच पाय कधी धरला नसता. माणूस तसा सरळ आणि टोकाचा आहे. आणि रात्री त्या हातांशिवाय माझं निभत नव्हतं. स्वार्थ म्हणा, मला तो कबूल आहे.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. बायका माप द्यायला तयार नसतात. पाच वर्षांपूर्वीचा मापाचा ब्लाउज आणून टाकतात आणि म्हणतात, "ह्याच मापानं शिवा." अंगाला टेप लावलीच तर श्वास आत ओढतात. मीही मग टेप जरा आवळून धरते आणि आकडा एक इंच कमी सांगते. शिवताना मात्र आतून इंचभर कापड जास्त सोडते. बाई खूश आणि ब्लाउजही बसतो. या लबाडीवर माझं दुकान चाललंय.

ते दिवस लग्नसराईचे होते. सतरा ब्लाउज टांगलेले, नवरीचे तीन वेगळेच. संध्याकाळी पोटऱ्या मोजल्या. उजवी चौतीस भरली आणि डावी साडेसदतीस. मी पुन्हा टेप लावली, या खेपेला जरा आवळून. छत्तीस. "छत्तीस," मी स्वतःलाच मोठ्यानं सांगितलं आणि मशीनवर बसले. गिऱ्हाइकाला फसवता फसवता हाताला इतकी सवय लागली होती की मी स्वतःलाच गिऱ्हाईक केलं. पण इथं आतून सोडायला इंचभर कापड नव्हतं.

रात्री डावा पाय ठणकायला लागला. नवरा उठला, पाय मांडीवर घेतला, दोनदा अंगठा फिरवला आणि थांबला. दुसऱ्या पायावर तळहात ठेवून बघितला.

"ह्यो गोळा न्हाय," ते म्हणाले. "गोळा हाताखाली सैल हुतोय, मला कळतंय. आन् ह्यो पाय गरम हाय."

त्यांनी दिवा लावला, मशीनच्या खणातून टेप आणली आणि चष्मा लावून स्वतः मोजलं. अडतीस.

"सांजंला किती हुतं?"

"छत्तीस."

"खरं सांग."

"साडेसदतीस."

"काट्यावर जे दिसतंय तेच लिवायचं असतंय," एवढंच ते बोलले. मग मी उरलेलंही सांगून टाकलं. असा पाय चोळायचा नसतो, डॉक्टरांनी बजावलं होतं. तापल्या तव्यावरून काढावेत तसे त्यांनी हात काढून घेतले.

समोरच्यांची गाडी काढून आम्ही दवाखान्यात गेलो. सोनोग्राफीत गुठळी दिसली. नशिबानं पोटरीतच होती, वर सरकलेली नव्हती. इंजेक्शनं सुरू झाली, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. पडद्याच्या पलीकडे नवरा डॉक्टरीणबाईंना विचारत होता, "मी चोळत हुतो रोज. त्यानं झालं का हे?" त्या म्हणाल्या, "नाही हो काका, रक्तामुळं झालं. पण आता चोळू नका." नवऱ्यानं फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. मी पडल्या पडल्या रडले, दुखत होतं म्हणून नव्हे. खोटं मी बोलले होते आणि त्याचा भार त्या माणसाच्या हातांवर पडला होता.

पुढचे काही महिने असे गेले. गोळा यायचा, मी कण्हायची, ते उठून दिवा लावायचे आणि खुर्चीवर हात मांडीखाली दाबून बसायचे. "पाणी देऊ?" एवढंच विचारायचे. मी भिंतीला टाच रेटून रेटून गोळा सोडवायची. गोळा सुटायचा, पण तीन फुटांवर बसलेला तो माणूस पाहून जीव नकोसा व्हायचा. एकदा सकाळी मी म्हटलं, "मी सांगितलं न्हाय म्हणून झालं. तुमच्या हातानं काय झाल्यालं न्हाय." ते "व्हय" म्हणाले आणि दूध आणायला गेले.

नंतरच्या सोनोग्राफीत शीर मोकळी दिसली. दोन्ही पोटऱ्याही सारख्या झाल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी माझ्या पायाचा पंजा धरून दाखवला. साधा गोळा आला तर पोटरीला हात लावायचा नाही, पंजा धरून हळूहळू नडगीकडं ओढायचा आणि तसाच धरून ठेवायचा. "काका, जमेल ना?" त्यांनी विचारलं. ते भिंतीकडं बघत म्हणाले, "तिचं ती करंल."

त्याच आठवड्यात उजव्या पायात गोळा आला. ते उठले, दिवा लावला आणि खुर्चीकडं वळले. मी भिंतीला टाच लावली नाही. पाय उचलून त्यांच्या दिशेनं धरला.

"धरा."

"नको."

"पंजाच धरायचा हाय. धरा म्हंते न्हवं!"

ते पलंगाच्या कडेला टेकले. तालमीत गडी उचलून टाकणारे ते हात त्यांनी आधी चादरीला पुसले. चार बोटांनी त्यांनी माझा पंजा कसाबसा धरला आणि माझ्या तोंडाकडं बघितलं.

"दुखतंय का?"

लग्नाला छत्तीस वर्षं झाली. हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"दुखतंयच की," मी म्हटलं. "वढा आता."